लीयसा

"जरा पाय काढता का?"

उकिडवं बसून, मान वर न करताच निशिगंधानं विचारलं, आणि मग तिच्या लक्षात आलं, की आपण मराठीत बोललो. तारनाक्याच्या मागच्या त्या विद्यापीठाच्या आवारात सकाळी फिरायला येणारी माणसं तेलुगूत हसतात, उर्दूत वाद घालतात आणि इंग्रजीत फोनवर बोलतात. मराठीत ती बोलायची ती फक्त झाडापानांशी, आणि तेही आसपास कुणी नसलं तर. आता "भैया, थोडा पाँव..." म्हणायला तिनं तोंड उघडलं, तेवढ्यात तो पांढरा बूट आपणहून दोन बोटं मागे सरकला.

"काढला. पण झालं काय?"

मराठी! आणि तीही इस्त्री केल्यासारखी.

"पान आहे," ती म्हणाली. "तुमच्या टाचेखाली होतं."

"झाडावर एवढी आहेत की."

"झाडावरची कोवळी. मला निबर लागतं, शिरा वर आलेलं. हे बघा, मोडली याची शीर. केवढा बूट आहे हो तुमचा?"

"नऊ नंबर," तो प्रामाणिकपणे म्हणाला.

तेव्हा कुठे तिनं मान वर केली. उंच, शिडशिडीत, चष्मा. पळून पळून कपाळावर घाम. केसांत सोनमोहराची एक पिवळी पाकळी अडकली होती आणि त्याला तिचा पत्ताच नव्हता. सांगावं का...? तिनं नाही सांगितलं. पाकळी बरी दिसत होती.

तो वाकला. पानाचे दोन गोल पाळे बोटानं सारखे करत म्हणाला, "आपटा ना हा? आमच्याकडे दसऱ्याला सोनं म्हणून देतात."

"कांचन आहे. आपट्याचा भाऊ. आमच्याकडे सोनं म्हणून जम्मी देतात."

"जम्मी?"

"शमी हो, शमी. पुण्याचे ना तुम्ही?"

"कसं ओळखलंत?"

"दोन वाक्यांत 'आमच्याकडे' आलं."

तो हसला. हसताना त्याचा चष्मा थोडा वर जायचा. निशिगंधानं पिशवीत पानं भरता भरता उगाच सांगितलं, "झाड चांगलं आहे हे. परसोंच इथं मोर आला होता."

"परवा? परवा मी इथूनच पळत होतो. दिसला नाही."

"परसों म्हणजे... उन्हाळ्यात."

"उन्हाळ्यात म्हणजे परवा?"

"हौ," ती उठून पदर झटकावा तशी ओढणी झटकत म्हणाली. "हैदराबादचं परसों लांबलचक असतं. पुण्यासारखं दोन दिवसांत संपत नाही."

आणि ती निघाली. मागे वळून पाहायचं नाही, असं तिनं ठरवलं होतं, ते तिनं वळणापर्यंत पाळलं.

*

घटस्थापनेचा दिवस होता. शाळांना दसऱ्याची सुट्टी लागलेली. मधला रविवार सोडून नऊ दिवस निशिगंधा मुलांना पानाफुलांचे ठसे काढायला शिकवणार होती. नारायणगुड्याला, एका वह्या-पुस्तकांच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर, मराठी मंडळाचं वाचनालय होतं. एके काळी तिथं संध्याकाळी बसायला जागा मिळत नसे. निशिगंधाचे वडील, भगवंतराव, रेल्वेतली ड्यूटी संपवून डबल डेकर बसच्या वरच्या मजल्यावर बसून तिथं दिवाळी अंक बदलायला जात. आता डबल डेकर गेली, अंक बदलणारे म्हातारे झाले, आणि त्यांची नातवंडं घरी मराठी बोलत, पण वाचायला दिलं की डोकं खाजवत. म्हणून मंडळाच्या मुकुंदरावांनी एकच अट घातली होती, "पानं छापा, भेंड्या छापा, काय वाटेल ते छापा, पण बाई, पोरांना निदान स्वतःचं नाव मराठीत छापता येऊ दे."

निशिगंधानं मान डोलावली होती. तिचंही शिक्षण इंग्रजीत झालं होतं, हे तिनं मुकुंदरावांना सांगितलं नव्हतं. चित्रकलेच्या कॉलेजात ती ठसे काढायची कला शिकली, दगडावर, लाकडावर, रबरावर. पण मराठी वाचायची म्हणजे अजूनही ओळीखाली बोट लागे.

दहा वाजता चौदा मुलं आली. पंधरावी मुलगी जिना चढताना मोठ्यानं बोलत होती, "मामा, तुझ्या बालों में फूल है. आई म्हणाली नाही तुला?"

दारात नऊ नंबरचे बूट उभे होते. आता पांढरे नव्हते, काळे होते. पण पाकळी तीच.

"अरे!" तो म्हणाला. "पान!"

"माझं नाव निशिगंधा आहे," ती म्हणाली. "पान नाही."

पोरं खिदळली. त्याच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. तो कौस्तुभ, आठ महिन्यांपूर्वी नोकरीसाठी इकडे आलेला. तारनाक्याला बहिणीकडे, ज्योतीकडे, राहायचा. ही तिची मुलगी सायली, सात वर्षांची. ज्योतीला कामावर जायचं, त्याचं ऑफिस दुपारी दोनपासून, म्हणून भाचीला ने-आण करायचं काम त्याच्याकडे.

"मी बाहेर बसतो," तो म्हणाला.

"बाहेर कशाला? पंधरा पोरं आहेत आणि मी एकटी. बाह्या वर करा."

त्यानं केल्या.

*

काचेवर शाई टाकायची आणि रोलरनं लाटायची. पोळी लाटतात तशीच, पण इथं कान द्यायचा. शाई जास्त असली की नुसतं पचपच वाजतं, बरोबर झाली की बारीक चुरचुर ऐकू येते, तव्यावर जिरं पडल्यासारखी. मग पान पालथं घालायचं, कारण शिरा पाठीला असतात. पानाला शाई, वर कागद, आणि चमच्याच्या पाठीनं हळूहळू घासायचं.

"गोंजारल्यासारखं," निशिगंधा सांगायची. "घाई नक्को. पान ओरडत नाही, पण फाटतं."

कडुनिंब, पिंपळ, बदाम. भेंडी आडवी चिरली की फुलं. तंगेडूची पिवळी फुलं सारंग नावाच्या एका मुलानं आजीनं नवरात्रात पूजेसाठी रचलेल्या फुलांच्या बतुकम्मातून काढून आणली आणि मार खाल्ल्याचंही अभिमानानं सांगितलं.

कौस्तुभचा पहिला ठसा काळा डाग झाला. दुसरा हलला. तिसऱ्यावर त्याचा अंगठा स्पष्ट उमटला, पान मात्र नाही.

"पोलीस ठाण्यात चालेल," निशिगंधा कागद उजेडात धरून म्हणाली.

"नऊ दिवसांत एक स्वच्छ ठसा काढून दाखवीन. डाग नाही, हललेला नाही. पैज."

"आणि हारलात तर?"

"हरलात," तो म्हणाला. "हारलात नाही."

"इथं हारतात."

"बरं. हारलो, तर प्रदर्शनाच्या दिवशी सगळ्यांसमोर कबूल करीन."

"मामा हारा, मामा हारा!" पोरांनी आधीच गाणं सुरू केलं.

तिसऱ्या दिवशी नावं आली. खोडरबरावर मुलांनी आपली अक्षरं पेन्सिलीनं उलटी काढली, आरशात दिसतात तशी. ब्लेड निशिगंधाच्या हातात, डिंक पोरांच्या. कोरलेली अक्षरं पुठ्ठ्यावर ओळीनं चिकटवायची आणि मग छापायची. सायलीनं सर्वांत आधी छापलं. अक्षरं सुबक, टपोरी, सुलटी. ओळीखाली बोट लावून तिनं वाचलं, "ली... य... सा. ताई, लीयसा! हे कोण?"

"ही तूच," निशिगंधा हसू दाबत म्हणाली. "अक्षर उलटं केलंस, पण ओळ उलटी करायची राहिली. पुठ्ठ्यावर शेवटचं अक्षर आधी लावायचं, म्हणजे कागदावर पहिलं आधी येतं. दोन्ही उलटं, तेव्हा सुलटं."

त्या दिवशी पंधरांतल्या अकरा जणांची नावं तशीच उमटली. सारंगचा 'गरंसा' झाला. तेव्हापासून वर्गात ती चूक केली, की त्याला 'लीयसा केलं' म्हणायचं, असा नियमच झाला. कौस्तुभनं एकदा डब्याचं झाकण उलटं लावलं, तर सायली म्हणाली, "मामानं लीयसा केलं."

*

असे दिवस जात होते, आणि काय जात होतं ते फक्त निशिगंधाला कळत होतं. सकाळी ती पिशवी घेऊन कांचनाखाली जायची, तर तो आधीच तिथं. पानं वेचून ठेवलेली, निबर, शिरा वर आलेली, रुमालावर ओळीनं मांडलेली. ती एकेक उचलून बघायची.

"हे किडकं."

"किडक्याचाही ठसा चांगला येतो. तुम्हीच म्हणालात. भोकं नक्षीसारखी दिसतात."

"मी कधी म्हणाले?"

"परसों," तो म्हणायचा, आणि तिला हसू आवरायचं नाही.

तो तिच्या चुका काढायचा आणि ती त्याच्या. तिनं फळ्यावर 'शाइ' लिहिलं, तर त्यानं कुणाला दिसणार नाही असं जाऊन ते दीर्घ केलं. तिनं ते पाहिलं, पण पाहिल्याचं दाखवलं नाही. त्याच्या हाताला रोलर नीट धरता येईना, तर तिनं मागून येऊन त्याचं मनगट दोन बोटांनी सैल केलं. दोनच बोटं... पण त्या दिवशी घरी जाऊन तिनं शाईचे हात धुवायला बराच वेळ लावला.

पाचव्या दिवशी, शुक्रवारी, भुरभुर पाऊस आला. दोरीवरचे कागद वाळेनात. मुलं गेली, सायली खिडकीत बसून पावसाच्या थेंबांना नावं देत बसली, आणि कौस्तुभ चिमटे लावता लावता म्हणाला, "एक विचारायचं होतं."

"विचारा ना."

"ऑफिसनं विचारलंय. आमचा गट पुण्याला परत चाललाय. मी जायचं की इथं दुसऱ्या कामावर राहायचं, ते मंगळवारी संध्याकाळपर्यंत कळवायचंय." त्यानं एक चिमटा लावला, काढला, परत तिथंच लावला. "पुण्यात घर आहे, आई-बाबा आहेत. जायला काही हरकत नाही. राहायला... एखादं कारण असलं तर..."

तिनं दोरीवरचा एक ओला कागद सरळ केला.

"तुम्ही सांगा," तो म्हणाला. "जाऊ की राहू? घाई नाही. मंगळवारपर्यंत कधीही. तुम्ही नाही म्हणालात तरी मी रागावणार नाही. आणि काहीच नाही बोललात, तर तेही समजेन."

"मामा, पाऊस थांबला!" सायली ओरडली. निशिगंधाच्या ओठांवर आलेलं काय होतं, ते तिथंच थांबलं.

*

बोलून सांगायचं धाडस तिला नव्हतं. निशिगंधाचं असंच होतं. पंधरा पोरांवर ओरडायला घसा मोकळा, आणि स्वतःचं काही मागायचं म्हटलं की आवाज पायांत. पण हातांना काही भीती वाटत नव्हती. संध्याकाळी स्वयंपाकघरातल्या टेबलावर तिनं कांचनाचं सगळ्यांत नितळ पान घेतलं, पातळ हातकागदावर हिरव्या शाईत छापलं. दोन पाळे, मधे एक शीर. मग खोडरबराचे दोन तुकडे. दोनच अक्षरं. एका पाळ्यात एक, दुसऱ्यात एक.

'राहा.'

"काय कोरायलीस गं?" भगवंतराव चहाचा कप घेऊन दारात उभे.

"पोरांचं आहे, बाबा."

"पोरांचं आहे तर ओठ का चावायलीस?"

"रबर कडक आहे."

"हौ का," भगवंतराव म्हणाले, आणि जास्त काही न विचारता बिस्किटांचा डबा तिच्याजवळ ठेवून गेले.

तिनं अक्षरं पुठ्ठ्यावर चिकटवली, लाल शाई लावली, पानावर दाबली, उचलली. आणि पाहिलंसुद्धा नाही. म्हणजे नजर टाकली. हिरव्यावर लाल दोन अक्षरं होती, कडा स्वच्छ होत्या... एवढंच. नीट वाचायला बसावं, तर पुन्हा देण्याचं धाडस राहिलं नसतं. वाळल्याबरोबर तिनं कागद वर्तमानपत्रात गुंडाळला.

शनिवारी जिन्यात तिनं ती गुंडाळी त्याच्या हातात दिली. "घरी बघा. इथं नक्को."

"काय आहे?"

"बघा म्हटलं ना."

रविवार गेला. तो कसा गेला, ते विचारू नये. भगवंतरावांनी तीनदा विचारलं, की आज भाजीत मीठ घालायचं नाही असं डॉक्टरनं सांगितलंय का.

सोमवारी कौस्तुभ जिना चढून आला आणि सगळ्यांसमोर, हसत, हात जोडून म्हणाला, "कागद पाहिला. मान्य आहे!"

मान्य आहे!

निशिगंधानं रोलर काचेवर ठेवला, कारण हातात राहिला नसता. त्या दिवशी तिनं मुलांना काय शिकवलं, कोण जाणे. पिंपळ छापताना ती पोरांबरोबर गुणगुणत होती. सारंगनं भिंतीवर हात छापला, तरी तिनं 'छान' म्हटलं. खाली जाताना मुकुंदराव म्हणाले, "आज बाईंचा चेहरा काय फुललाय. देवी पावली वाटतं."

मंगळवारी काचा धुताना तो जवळ येऊन हळूच म्हणाला, "मग? काही सांगितलं नाहीत..."

त्याला परत ऐकायचंय, तिला वाटलं. तोंडानं. ती लाजली. शाईचा हात गालाला लागेल म्हणून मनगटानं केस मागे सारत म्हणाली, "परसोंच सांगितलं की!"

तो तिच्याकडे बघत राहिला. काहीतरी आठवायचा प्रयत्न केल्यासारखा. तेवढ्यात कुणीतरी लाल रंगाची बाटली सांडली, पोरांनी आरडाओरडा केला, ती फडकं घेऊन धावली. वळून पाहिलं, तर तो सायलीचे हात पुसत होता. हसत नव्हता.

*

बुधवारी प्रदर्शन. खोलीभर दोऱ्या, दोऱ्यांवर चिमटे, चिमट्यांना ठसे. आई-बाबा, आजी-आजोबा येऊन आपापल्या पोराचं नाव शोधत होते. निशिगंधानं आवळ्याच्या रंगाची साडी नेसली होती. सायली धावत आली.

"ताई, मामा पुण्याला चाललाय. काल रात्री बॅग काढली वरून."

"काय?"

"ऑफिसला सांगितलं त्यानं. आई रडली. मी पण थोडी रडली."

निशिगंधाला पहिल्यांदा काही कळलंच नाही. मान्य आहे म्हणाला होता ना... मग? दोन दिवस मनातल्या मनात ज्याच्याबरोबर संसार मांडला, तो माणूस बॅग काढून बसला होता. तिनं मान वळवली, आणि तिला दिसलं.

शेवटच्या दोरीवर, सगळ्यांत टोकाला, तिचा कागद टांगलेला होता. हिरवं कांचनाचं पान, लाल दोन अक्षरं. खाली छोट्या चिठ्ठीवर त्याच्या सुंदर पुणेरी अक्षरात: 'माझ्या पराभवाचं प्रमाणपत्र.'

ती तीरासारखी त्याच्याकडे गेली. तो खिडकीजवळ उभा होता.

"सगळ्यांसमोर टांगलंत?" तिचा आवाज फुटला. "माझं? चेष्टा करायची होती, तर घरी केली असती..."

"चेष्टा?" तो गोंधळला. "अहो, ठरलंच होतं ना. हरलो, तर सगळ्यांसमोर कबूल करायचं. एकही ठसा जमला नाही मला. तुम्ही लिहून दिलंत, मी मान्य केलं."

"मी काय लिहून दिलं?"

"हेच की."

"काय हेच?"

दोघांच्या मधे सायली येऊन उभी होती. तिनं कागदाखाली बोट लावलं. नऊ दिवसांत तिला अक्षरं चांगली लागायला लागली होती. "हा... रा. हारा. मामा हारा!" ती थांबली. तिच्या कपाळाला आठी पडली. तिनं उलट्या बाजूनं बोट फिरवलं, पुन्हा सुलट्या, आणि मग टाळी वाजवून ती इतक्या मोठ्यानं ओरडली, की आज्याआजोबांनी माना वळवल्या.

"ताईनं लीयसा केलं! ताईनंपण लीयसा केलं!"

निशिगंधानं बघितलं. पहिल्यांदाच, नीट, ओळीखाली बोट लावल्यासारखं. डाव्या पाळ्यात 'हा'. उजव्या पाळ्यात 'रा'. पंधरा पोरांना जे रोज बजावलं, तेच...

"अगं बाई," ती एवढंच म्हणाली, आणि दोन्ही हात तोंडावर घेतले.

कौस्तुभनं कागद चिमट्यातून सोडवला. खिडकीशी नेला, पालथा केला, आणि उजेडात धरला. पातळ कागद. मागून सगळं दिसत होतं. अक्षरं आता उलटी होती, आरशातल्यासारखी. पण शब्द सरळ होता.

त्यानं डावीकडून उजवीकडे बोट फिरवलं. मग चष्मा वर गेला.

"राहा," तो म्हणाला.

"हौ," ती हातांच्या मागून म्हणाली.

"तुम्ही 'परसोंच सांगितलं' म्हणालात, तेव्हा मी आपल्या ओळखीपासूनचं सगळं बोलणं आठवून पाहिलं. हैदराबादचं परसों म्हणून. शब्दन् शब्द. तुम्ही कुठंच काही बोलला नव्हतात."

"बोलले नव्हतेच. छापलं होतं."

"आणि शुद्धलेखन तर बरोबर आहे हो. निम्मं पुणं 'रहा' लिहितं."

ती रडता रडता हसली. सायलीला काही कळलं नाही, पण कुणीतरी हारायचं राहिलं एवढं कळलं, म्हणून तिनं सारंगला जाऊन सांगितलं.

*

कौस्तुभनं तिथूनच फोन लावला. जिन्यात उभं राहून तो साहेबांना समजावत होता, आणि वरच्या पायरीवर निशिगंधा साडीच्या काठाला पीळ देत होती. "नाही सर, कालचं मेल माझंच होतं... हो, अक्षरं बरोबर होती, क्रम चुकला... नाही सर, बरं आहे मला."

तो वर आला, तेव्हा चेहरा अर्धा हसरा होता.

"नाव गेलंय. आता पुण्याला जावं लागणार. जानेवारीत इथं नवं काम निघतंय, तेव्हा परत मागता येईल म्हणाले. संक्रांतीनंतर. देतील बहुतेक."

"बहुतेक," निशिगंधा म्हणाली. "माझ्या दोन रबराच्या तुकड्यांपायी तीन महिने."

"माझ्यापायी. मी सरळ विचारायला हवं होतं, 'हे काय लिहिलंय?' म्हणून. हरल्याचं एवढं वाईट वाटलं, की विचारलंच नाही."

दसऱ्याला तो सोनं द्यायला घरी आला. खरा आपटा कुठून तरी शोधून आणला होता. भगवंतरावांनी त्याच्या हातावर जम्मी ठेवली, त्याला नीट न्याहाळलं आणि म्हणाले, "रबर कडक होतं म्हणे."

"जी?"

"काही नाही. बसा, चहा घ्या."

निघताना दारात, चपलांच्या गर्दीत, तो निशिगंधाला म्हणाला, "काम मिळालं, तर कळवीनच. पण यायचं, ते तुमचा ठसा आल्यावर. या वेळी एकच अक्षर कोरा. एका अक्षराच्या ओळीचा क्रम चुकत नाही."

"एका अक्षरात काय सांगणार?"

"'या' म्हणता येईल," तो म्हणाला. मग बूट घालताना, खाली बघत, "मराठीत तसं आणखी एक आहे. ते तुम्ही ठरवा."

*

डिसेंबर सरताना त्याचा फोन आला. काम मिळालं होतं. निशिगंधानं फोन ठेवला, टेबलाशी बसली आणि खोडरबर पुढं ओढलं. 'या' काढलं, उलटं, व्यवस्थित. तीन महिने रोज बोलत होते, रोज 'तुम्ही', रोज 'अहो'. तिनं कान्याकडे बघितलं. सरळ उभा, हाताची घडी घालून उभ्या राहिलेल्या पाहुण्यासारखा. तिनं तो खोडला, आणि वर एक मात्रा काढली.

छापल्यावर मात्र तिनं ते वाचलं. बोट लावून, तीनदा.

पाकीट टाकून पाच दिवस झाले, सहा झाले. फोनवर तो सगळं बोलायचा, पाकिटाचं नाव काढायचा नाही. तीही विचारायची नाही.

संक्रांतीनंतरच्या एका सकाळी, थंडीत, ती विद्यापीठाच्या आवारात कांचनाखाली बसली होती. पानं पिकायला लागली होती. एक मिळालं, नितळ, शिरा वर आलेलं. हात पुढं केला, तेवढ्यात त्यावर पांढरा बूट येऊन थांबला. नऊ नंबरचा.

तिचा हात तसाच राहिला. मान वर करायला थोडा वेळ लागला.

"पाय काढ," ती म्हणाली.

बूट हलला नाही. मग तो उकिडवा बसला, तिच्यासमोर, इतका जवळ, की चष्म्यात तिला आपलाच चेहरा दिसला, दोनदा.

"काढणार नाही," तो म्हणाला. "तूच बोलावलंस. आता इथून पाय काढायचा नाही, असं ठरवून आलोय."

"पान तरी सोड."

"हौ," कौस्तुभ म्हणाला, आणि पान सोडून त्यानं तिचा हात धरला.